नाव तीनदा सांगा

सरांच्या पहिल्या तासाला शिकवणं नसायचं. पन्नास मिनिटं नुसती हजेरी चालायची.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी कराडहून मिशिगनमधल्या एका विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंगचं मास्टर्स करायला गेले होते, आणि सरांची टीचिंग असिस्टंट म्हणून त्या वर्गात कोपऱ्यात बसले होते. सर एकेका मुलापुढे जाऊन उभे राहत आणि म्हणत, "नाव तीनदा सांगा. घरी आई जसं म्हणते तसं." मुलगा बावरून तीनदा नाव सांगे. सर डोळे मिटून ऐकत, मग स्वतः म्हणून दाखवत, आणि मुलाने मान हलवली की मगच वहीत लिहीत. तास संपल्यावर मी ती वही उघडून पाहिली आणि चाट पडले. चाळीस अमेरिकन मुलांची नावं, सगळी देवनागरीत. सर म्हणाले, "इंग्रजीत हे लोक स्पेलिंग लिहितात. नाव लिहीत नाहीत."

त्या दिवशी तिसऱ्या रांगेतल्या एका सावळ्या, उंच मुलाने आपलं नाव जॉर्ज सांगितलं. सरांनी विचारलं, आईसुद्धा जॉर्जच म्हणते का. मुलाचे कान लाल झाले. मग अगदी हळू म्हणाला, "होर्हे." सरांनी तीनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा 'र' चुकला तर त्या मुलानेच सुधारला. त्याचे आजोबा मेक्सिकोहून मिशिगनमध्ये बीटच्या शेतात मजुरीला आलेले, वडील फाउंड्रीत. बालवाडीपासून कुठल्याही शिक्षकाने त्याला त्याच्या नावाने हाक मारली नव्हती. हे मला त्यानेच नंतर सांगितलं.

सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहायचं तर ते पूर्ण आणि बरोबर लिहावं लागेल, आणि त्यांच्या मुलीने मला फोनवर सांगितलंय की बाबांबद्दल हवं ते लिही, फक्त नाव नको. तेव्हा सरच.

स्वतःच्या नावाबद्दल तर ते फारच हट्टी होते. ते चार अक्षरी नाव अमेरिकन जिभेला अवघड होतं हे खरं. डिपार्टमेंटच्या हेडने पहिल्याच वर्षी सुचवलं होतं की आपण तुम्हाला डॉक्टर डी म्हणू या. सरांनी त्याला उत्तरच दिलं नाही. तो डॉक्टर डी म्हणून हाका मारत राहिला आणि सर इकडेतिकडे पाहत राहिले, जणू अजून कोणी यायचं आहे. एकदा एका समारंभात त्यांना बक्षीस होतं. हेडने माइकवर चुकीचं नाव पुकारलं. सर खुर्चीत बसून टाळ्या वाजवत राहिले. शेवटी हेडने खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि एकेक अक्षर जुळवत नाव वाचलं. मग सर उठले. हेडचे आभार मानून म्हणाले की मला यायला उशीर झाला, कारण माझं नाव आत्ताच पोचलं.

चुकीच्या स्पेलिंगने आलेलं टपाल ते 'या नावाचा इसम येथे नाही' असं लिहून परत पाठवत. डिपार्टमेंटची सेक्रेटरी या प्रकाराने रडकुंडीला आली होती. तरी दर दिवाळीला सरांच्या घरून येणारा चिवडा पहिला तिलाच मिळायचा, आणि सरांचं नाव अख्ख्या इमारतीत सगळ्यांत स्वच्छ तीच म्हणायची.

प्रयोगशाळेतली त्यांची एक सवय नवख्या माणसाला घाबरवायची. काँक्रीट किती मजबूत झालंय हे पाहायला त्याचे गोल ठोकळे मशीनमध्ये घालून फुटेपर्यंत दाबतात. ठोकळा फुटला की सर त्या तुकड्यांना हात जोडत. "त्यानं होतं नव्हतं ते सगळं दिलं," म्हणत, "आपण काय दिलं?" आणि आकडा लिहून घेत. चहा बीकरमध्ये उकळत. बर्फासाठीचे रबरी बूट मेअखेरपर्यंत पायांतून काढत नसत. मला ते नेहमी पूर्ण नावाने बोलावत, म्हणजे माझं, वडिलांचं आणि आडनाव. लांबलचक कॉरिडॉरमध्ये ते सगळं घुमायचं आणि मला लाज वाटायची.

लाजेवरून ट्रॉयची गोष्ट सांगायला हवी.

त्या वर्षी डेट्रॉइट भागातल्या मराठी मंडळींचा गणपती ट्रॉयमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. माझ्याकडे गाडी नव्हती. सर म्हणाले, मी नेतो. मी म्हटलं, तुम्ही बौद्ध, तुम्हाला उगाच त्रास. त्यावर म्हणाले, "गणपती तुझा, मोदक माझे. चल." तासभर ड्राइव्ह करून आम्ही पोचलो. आरती चालू असताना ते मागे खुर्चीवर शांत बसून राहिले. जेवताना एक डॉक्टर काका शेजारी आले. वीस वर्षं अमेरिकेत असलेले, मोठ्या मनाने सगळ्यांना वाढणारे. त्यांनी सरांना आडनाव विचारलं. मग गाव. मग नागपुरात कुठे. मग, म्हणजे मूळचे कुठले. सरांनी ताट खाली ठेवलं.

"डॉक्टरसाहेब, तुम्हाला जात विचारायची आहे, तर सरळ विचारा नं. आम्ही महार होतो. छप्पन साली बौद्ध झालो. आता तुमचं सांगा."

डॉक्टर काका हसले. अहो तसं काही नाही, इथे अमेरिकेत कोण बघतं, असं म्हणून ते पाणी आणायला गेले आणि परत त्या टेबलाकडे आले नाहीत. मी सगळं ऐकत होते. थोड्या वेळाने मी हॉलच्या किचनमध्ये ताटं ठेवायला गेले तेव्हा एका काकूंनी मला विचारलं, तू त्यांच्याबरोबर आलीस का गं, ओळखीचे आहेत का. मी म्हटलं, "नाही, म्हणजे प्रोफेसर आहेत. राइड दिली त्यांनी."

इतकंच. पण परतीच्या वाटेवर ते 'राइड दिली' माझ्या घशात अडकून बसलं होतं. सर पुलांबद्दल बोलत होते.

आता क्लबची गोष्ट. विद्यापीठात मेक्सिकन विद्यार्थ्यांचा एक क्लब होता, दहा-बारा वर्षांपूर्वी बीटमजुरांच्या आणि फाउंड्री कामगारांच्या मुलांनी काढलेला. स्टुडंट युनियनच्या तळघरात त्यांना एक खोली होती. तिच्या दारावर ओतीव लोखंडाची पाटी होती: मेक्सिकन स्टुडंट्स क्लब. कुठल्याही क्लबला प्राध्यापकांपैकी एक सल्लागार लागायचा, आणि आधीचे सल्लागार निवृत्त झाले तेव्हा क्लबचा अध्यक्ष फॉर्म घेऊन थेट सरांकडे आला. अध्यक्ष म्हणजे होर्हे. सर म्हणाले, मला स्पॅनिश येत नाही. होर्हे म्हणाला, आमच्यातल्या अर्ध्यांना येत नाही. सरांनी सही केली. आणि मला विचारलं, "टायपिंग येतं का?" असं माझं त्या तळघरात जाणं सुरू झालं.

खोलीत येणारी मुलं मात्र आता नुसती मेक्सिकन राहिली नव्हती. प्वेर्तो रिकोची होती, चिलीहून पळून आलेल्या घरांतली होती, एल साल्वादोरची होती. आणि झिल्दा होती. ही ब्राझीलची, फार्मसी शिकणारी. बुटकी, खणखणीत आवाजाची. वार्षिक जत्रेची पोस्टरं ती रंगवायची, दोनशे माणसांचा स्वयंपाक ती उभा करायची, खोलीची किल्ली तिच्याच गळ्यात असायची. त्या हिवाळ्यात तिने सेक्रेटरीपदासाठी अर्ज केला. नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं की पदाधिकारी मेक्सिकन वंशाचाच हवा. होर्हेने नियम वाचला आणि अर्ज बाद केला. झिल्दा भांडली नाही. तिने गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि गेली. तिच्यामागून आठवडाभरात आणखी पंधराएक जणांनी यायचं बंद केलं.

होर्हे सरांकडे आला तेव्हा मी तिथेच पेपर तपासत होते. तो म्हणाला की मी नियमाप्रमाणे वागलो आणि तरी मला झोप लागत नाही. क्लबचं नाव बदलावं, असं काही जण म्हणतात. पण ते नाव आमच्या वडीलधाऱ्यांनी कमावलंय. विद्यापीठाच्या ऑफिसने तर एक नाव सुचवूनही ठेवलं होतं, हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्यांचं, कारण ते सरकारी फॉर्मवर होतं. त्यात झिल्दा तरीही बसत नव्हती, कारण ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात.

सर म्हणाले, मी सल्लागार आहे, सल्ला देणार नाही. आधी हजेरी घेऊ.

तीन दुपारी ते त्या खोलीत वही घेऊन बसले. निरोप धाडला होता की या खोलीत जो कोणी कधी आला असेल त्याने यावं, तीनदा नाव सांगावं, आणि स्वतःला काय म्हणवतो ते सांगावं. मी बीकरमधला चहा कपांत ओतत होते. मुलं आली. आधी हसत, मग जरा गंभीर होत. कोणी म्हणालं मेक्सिकन. कोणी म्हणालं, चिकानो, म्हणजे इथेच जन्मलेला मेक्सिकन, माझे वडील चिडतात तरी. प्वेर्तो रिकोची मुलगी म्हणाली, बोरिकुआ, म्हणजे आमच्या बेटावरची, आणि लातिना, म्हणजे लॅटिन अमेरिकेतली, पण लातिनो म्हणू नका, त्यात मी पुरुष होते. ग्वातेमालाचा एक लाजरा मुलगा म्हणाला की आमच्या गावची भाषा वेगळीच, स्पॅनिश मी शाळेत शिकलो, जसं तुम्ही इंग्रजी शिकला असाल. मग त्याने आपलं घरचं नाव सांगितलं, जे कॉलेजच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. ते लिहायला सरांना दहा मिनिटं लागली. घशातून निघणारा एक आवाज होता, त्याला देवनागरीत अक्षर सापडेना. शेवटी त्यांनी एका अक्षराखाली टिंब दिलं आणि वही त्याच्यापुढे धरून म्हणाले, हे टिंब तुझं.

तिसऱ्या दिवशी, अगदी शेवटी, झिल्दा आली. नाव सांगितलं आणि म्हणाली, स्वतःला काय म्हणवते ते माहीत नाही, या खोलीत कोणी विचारलंच नव्हतं. सरांनी तेही तसंच्या तसं लिहिलं.

सभा ठरली शनिवारी दुपारी. नियमाप्रमाणे नाव बदलायला दोन तृतीयांश मतं हवी होती. खोली भरली, जिन्यावरही मुलं बसली. आणि त्यांच्यात एक पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ येऊन उभे राहिले, कोट-टाय घातलेले. हे मिस्टर ओर्तिस. जवळच्या गावात हायस्कूलमध्ये शिक्षक होते. फाउंड्रीतली नोकरी सोडून उशिरा कॉलेजला आलेले, आणि क्लब काढणाऱ्यांतले पहिले. त्यांना मत नव्हतं, पण त्यांनी बोलायची परवानगी मागितली.

ते मोठ्या आवाजात बोलले नाहीत. म्हणाले, मी शाळेत असताना बाई मला सांगायच्या की मेक्सिकन म्हणू नकोस, स्पॅनिश म्हण, ते बरं दिसतं. माझी आई बीटच्या शेतात गुडघ्यांवर चालत तण काढायची. ती स्पॅनिश नव्हती. या गावात मेक्सिकन हा शब्द शिवी म्हणून वापरत. बारमध्ये, बसमध्ये, फाउंड्रीत. क्लब काढला तेव्हा डीनने विचारलं, दुसरं एखादं नाव चालणार नाही का. आम्ही नाही म्हटलं. ती पाटी माझ्या वडिलांनी जेवणाच्या सुट्टीत ओतलीय.

"शिवी होती ती आम्ही लोखंडात ओतून दारावर लावली," ते म्हणाले. "आता तुम्ही ती काढणार."

होर्हे मान खाली घालून बसला होता. त्याचे वडीलही त्याच फाउंड्रीत होते. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगते, मला मिस्टर ओर्तिस बरोबर वाटत होते. झिल्दाही बरोबर वाटत होती.

सर उभे राहिले. त्यांना घरच्या गोष्टी सांगताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

ते म्हणाले की आमच्या गावच्या शाळेत मास्तरांनी आमच्या वस्तीतल्या सगळ्या मुलांची नावं तोडून लिहिली होती. कुत्र्याला हाक मारतात तशी. माझं चांगलं चार अक्षरी नाव होतं, रजिस्टरात दोनच अक्षरं. मी सातवीत असताना वडिलांनी धम्म घेतला. गावी परतले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. म्हणाले, मुलाचं नाव पूर्ण लिहा. मास्तर म्हणाले, रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. वडील शाळेच्या आवारात उभे राहिले. बसले नाहीत, ओरडले नाहीत. तीन दिवस नुसते उभे. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी दौत उघडली.

"मिस्टर ओर्तिस, तुमचे वडील आणि माझे वडील भेटले असते तर त्यांना एकमेकांची भाषा यायची गरज पडली नसती. तेव्हा ते नाव सोडा, असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. मला कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं."

ते थांबले. मला वाटलं, एवढंच सांगायचं होतं.

"पण त्या रजिस्टरात माझ्या खालच्या ओळीत एक मुलगी होती. शेजारच्या घरातली. तिचंही नाव तोडलेलं. माझं नाव बदललं, तिचं तसंच राहिलं. तिच्यासाठी कोणी उभं राहिलं नाही. माझे वडीलही नाही. माझं काम झालं म्हणून आम्ही घरी आलो. पुढच्या वर्षी ती शाळेत नव्हती. मी आज पन्नास मुलांची नावं बरोबर घेतो. तिचं पूर्ण नाव काय होतं, मला माहीत नाही."

मग त्यांनी वही उघडली आणि हजेरी घेतली. एकेक नाव, जसं सांगितलं होतं तसं, आणि प्रत्येकाने स्वतःला जे म्हटलं होतं ते. मुलं बसल्याजागी 'हजर' म्हणत होती. ग्वातेमालाच्या मुलाचं घरचं नाव आलं तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. झिल्दाचं नाव शेवटी होतं. सरांनी तिचं वाक्य वाचलं, की या खोलीत कोणी विचारलंच नव्हतं, आणि वही मिटून खाली बसले.

मग मिस्टर ओर्तिस गर्दीतून वाट काढत झिल्दापाशी गेले. त्यांनी तिला विचारलं, तुला काय हवंय. तिने सांगितलं की तुमचं नाव उतरवायला मी आलेली नाही. मला किल्ली परत हवीय, आणि ती ठेवायचा हक्क हवाय, मेहरबानी नकोय.

"पाटीचं काय करशील?" ओर्तिसांनी विचारलं.

"आत लावीन," झिल्दा म्हणाली. "भिंतीच्या मधोमध. येणाऱ्याला सगळ्यात आधी ती दिसेल."

त्यानंतरचे दोन तास नुसता गोंधळ होता, आणि तो फार छान होता. दहा-बारा नावं फळ्यावर आली. हिस्पॅनिक पहिलं पुसलं गेलं. लातिनो म्हटलं की मुली उठत, लातिनो आणि लातिना म्हटलं की कोणतं आधी यावरून जुंपे. शेवटी प्वेर्तो रिकोच्या मुलीने एक शब्द सुचवला, रुएदा. म्हणजे चाक, आणि गोल करून बसलेली माणसंही. झिल्दा म्हणाली, आमच्याकडे रोदा म्हणतात, जवळपास तेच. मोटारींच्या गावातल्या मुलांना चाक आवडलं. शिवाय तो शब्द स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी, म्हणजे पुढे लातिनाच येणार. व्याकरणच मुलींच्या बाजूने निघाल्यावर मुलांना बोलायला जागा उरली नाही. ग्वातेमालाच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, लातिना मी नाही, पण गोलात बसायला मला आवडेल. रुएदा लातिना. हात वर करून मतं घेतली, होर्हेने मोजली. त्याचा स्वतःचा हात सगळ्यात शेवटी वर गेला. आधी त्याने दाराकडे, त्या लोखंडी पाटीकडे एकदा पाहिलं. हवी होती त्यापेक्षा दोन मतं जास्त पडली.

नवी नियमावली मी टाइप केली. पदाधिकाऱ्याच्या वंशाचं कलम गाळलं. सर शेजारी बसून सांगत होते आणि मी बोटं चालवत होते. मधेच मी थांबले. म्हटलं, सर, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय, ट्रॉयचं. ते म्हणाले, "किचनमध्ये तू काय म्हणालीस ते मी ऐकलं होतं. दार उघडंच होतं."

मला टाइपरायटरवरची अक्षरं दिसेनात.

"म्हणून तर तुला इथं आणलं," ते म्हणाले. "टायपिंग काय, मलाही येतं. म्हटलं, ही पोरगी हुशार आहे, पण उभी राहून पाहिलेलं नाही कधी. दुसऱ्याचं उभं राहणं पाहिलं की जमतं हळूहळू. चल, पाचवं कलम."

मी पाचवं कलम टाइप केलं. त्यात चार चुका झाल्या आणि त्यांनी चारही दाखवल्या. पुढच्या वर्षी ट्रॉयला त्याच काकूंनी मला एका नव्या मुलाबद्दल तसाच प्रश्न विचारला, तेव्हा मी शांतपणे म्हटलं, काकू, हे आपण का विचारतो? त्यांना राग आला. दोन वर्षं त्यांनी मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मला वाईट वाटलं, पण घशात काही अडकलं नाही.

नोंदणीचा कागद मात्र सहजासहजी मिळाला नाही. ऑफिसातून सर्टिफिकेट आलं त्यावर छापलं होतं, रुएदा लातिनो. कारकुनाला वाटलं, मुलांची चूक झाली, आपण सुधारू. सरांनी परत पाठवलं. दुसऱ्यांदा स्पेलिंगमधलं एक अक्षर गळलं. परत पाठवलं. तिसऱ्यांदा पुन्हा लातिनो आलं तेव्हा सर स्वतः गेले, काउंटरशी उभे राहिले आणि म्हणाले की टाइप होईपर्यंत मी थांबतो, मला घाई नाही. कारकुनाने बसायला खुर्ची दिली. ते बसले नाहीत. मी आणि होर्हे बाहेर बाकावर होतो. पाऊण तासाने ते कागद घेऊन बाहेर आले, होर्हेच्या हातात दिला आणि म्हणाले, "वाच. मोठ्यानं वाच." होर्हेने वाचलं. एकही चूक नव्हती.

सर नंतर दूर दक्षिणेतल्या कॅरी गावाजवळच्या एका कंपनीत सल्लागार म्हणून गेले, तिथेच निवृत्त झाले आणि काही वर्षांपूर्वी तिथेच वारले. मी मोटारींच्या कारखान्यांचे पाये बांधण्यात आयुष्य काढलं. झिल्दा पहिली सेक्रेटरी झाली, पुढच्या वर्षी अध्यक्ष. ज्यांनी विरोधात मत दिलं होतं त्यांतले दोघे क्लब सोडून गेले ते परत आलेच नाहीत, हेही सांगायला हवं.

पण सरांची आठवण काढली की मला नाव बदलल्यानंतरच्या शरद ऋतूतली एक दुपार दिसते. कॉलेज पाहायला म्हणून मिस्टर ओर्तिस आपल्या हायस्कूलची मुलं घेऊन आले होते. खोलीत सगळे गोल करून बसले होते. सर आणि मीही होतो. झिल्दा क्लबची माहिती देत होती. ओर्तिसांच्या मुलांपैकी एक मुलगी आत न येता दारातच उभी राहिली होती. काळी, सडपातळ, छातीशी दप्तर धरलेली. घरचे हैतीहून आलेले, घरात ना स्पॅनिश ना पोर्तुगीज. ती दारावरचं नवं नाव आणि आत भिंतीवरची लोखंडी पाटी वाचत होती. मग तिने हलक्या आवाजात विचारलं, हे माझ्यासाठी आहे का, की मी बाहेर थांबू?

होर्हेने झिल्दाकडे पाहिलं. झिल्दाने सरांकडे. मला कळलं की याचं उत्तर आमच्या नियमावलीत नाही. मीच टाइप केली होती. सर बोलायला म्हणून जरासे पुढे झुकले.

त्यांना बोलावं लागलं नाही. मिस्टर ओर्तिस उठले होते. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. आपली खुर्ची उचलून त्यांनी दारापर्यंत नेली, त्या मुलीचं दप्तर हातात घेतलं आणि तिला म्हणाले, "आधी नाव सांग. तुझी आई म्हणते तसं."

तिने सांगितलं. मुलांनी आपापल्या खुर्च्या मागे सरकवल्या, तळघराच्या फरशीवर त्यांचा मोठा खरखराट झाला. सर मान वळवून भिंतीकडे पाहत होते आणि रुमाल शोधत होते. माझ्या पर्समध्ये एक होता. मी दिला.